सात तारखेचे सहाशे रुपये

मी तळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी हमखास कोणीतरी येतं आणि आवाज खाली करून विचारतं, "मॅडम, एटी-जीमध्ये अजून काय बसेल? तुम्ही कुठे देता?" जणू मी खात्रीच्या हापूसवाल्याचा पत्ताच सांगणार आहे. (एटी-जी म्हणजे देणगीवर मिळणारी आयकरातली सवलत.) मी सांगते. काहीजण देतातही. पण "आत्ता देण्यापेक्षा ऑक्टोबरात द्या" असं म्हटलं की चेहरे बदलतात. एकतीस मार्च तोंडावर आलेला असताना ही बाई ऑक्टोबरचं काय काढून बसली?

ऑक्टोबर का, ते कळायला मलाही सहा वर्षं लागली.

माझ्या देण्याची सुरुवात मुळीच विचारपूर्वक झालेली नव्हती. 2014 साली पगार पहिल्यांदा बऱ्यापैकी वाढला आणि ते बहुधा माझ्या कपाळावर लिहिलेलं दिसत असावं. फर्ग्युसन रस्त्यावर गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब घेतलेली मुलं अडवायची. "मॅम, फक्त दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत मी दोन वेळा कसल्या कसल्या फॉर्मवर सही करून आले. ती मुलं बऱ्याचदा संस्थेची नसतात, पैसे गोळा करून देणाऱ्या एजन्सीची असतात आणि त्यांना रोजचं टार्गेट असतं, हे मागाहून कळलं. त्यांच्यावर माझा राग नाही. उन्हात उभं राहून दिवसभर नकार ऐकणं सोपं नसतं.

मग ऑफिसच्या फोनवर एक बाई बोलल्या. लहान बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन, उद्या सकाळपर्यंत पैसे भरायचेत. तासाभरात चेक न्यायला मुलगा दारात हजर. मी 1,500 रुपयांचा चेक दिला. आठ दिवसांनी पावती आली ती गुळगुळीत कागदावर, देवाच्या फोटोसह, पण तिच्यावर ना संस्थेचा पॅन, ना नोंदणी क्रमांक. फोन लावला तर "हा क्रमांक अस्तित्वात नाही". रोज दुसऱ्यांची बिलं उलटसुलट तपासणारी मी, स्वतःच्या चेकच्या वेळी बाळ म्हटल्यावर विरघळले.

मैत्रिणीच्या भाच्याच्या उपचारासाठी एका वेबसाइटवरून हजार रुपये पाठवले, तर खात्यातून 1,140 गेले. वरचे 140 वेबसाइटची 'टिप'. ती आधीच निवडून ठेवलेली होती. शून्यावर आणता येते, पण त्यासाठी खालची यादी उघडून बारीक अक्षरांत शोधावं लागतं. आता मी कुणालाही लिंक पाठवताना सोबत तेवढी एक ओळ लिहिते.

2017 च्या एप्रिलमध्ये एका रविवारी मी वर्षभराच्या देण्याचा हिशेब मांडला. सोसायटीची गणपतीची वर्गणी त्यात धरायची की नाही यावर नवऱ्याशी अर्धा तास वाद झाला (धरली नाही). एकूण 11,340 रुपये, सतरा ठिकाणी. सर्वांत लहान रक्कम 21, सर्वांत मोठी 2,500. आणि त्या सतरा जणांपैकी मी स्वतः शोधून ज्यांना दिले असे किती? दोन. बाकी सगळे माझ्या समोर येऊन उभे राहिले, म्हणून दिले. म्हणजे जो जोरात मागेल त्याला मिळणार. कारखान्यात खरेदी विभागाने अशी खरेदी केली असती तर मीच त्यांची फाईल परत पाठवली असती.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला. पगार काय असणार! पण दर महिन्याला पगार झाला की पोस्टात जाऊन वीस रुपयांची मनीऑर्डर करायचे, आनंदवनला. वीस रुपयांना एक रुपया कमिशन, म्हणजे एकवीस. आईची कुरकूर त्या वीसवर नसायची, एकावर असायची. फॉर्मच्या खालच्या भागात मजकुरासाठी थोडी जागा असे. तिथे अण्णा दर वेळी एकच वाक्य लिहीत: "सर्व कुशल. रक्कम स्वीकारावी." काही दिवसांनी घेणाऱ्याची सही असलेली पोच परत यायची. ती तारेत अडकवायची. आमच्याकडे देवघराशेजारी विजेच्या बिलांची एक तार होती आणि एक ह्या पोचपावत्यांची.

बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि दोन वर्षांनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं राहायला लागलं. दयेवर जगायचं नाही, काम करून जगायचं, हा तिथला बाणा. अण्णांना तोच आवडायचा. "मी भीक घालत नाही, त्यांच्या कामात माझा वीस रुपयांचा हात," असं म्हणायचे. वरोऱ्याला ते कधी गेले नाहीत. जाऊन काय बघायचं, ते काम करतात, मी माझं करतो, असा त्यांचा हिशेब.

मी ज्या तळेगावात रोज कामाला जाते तिथेच 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचा. टिळकांनी ती उचलून धरली. काळे गावोगाव हिंडून अक्षरशः पैसा-पैसा जमवत. मला यात नवल वाटतं ते भांडवल उभं राहिल्याचं नाही, त्या पैशांच्या हिशेबाचं. एकेका पैशाची नोंद कुणी ठेवली असेल? किती वह्या लागल्या असतील? हा प्रश्न तेव्हा मला गमतीचा वाटला होता. पुढे तोच गळ्यात पडला.

तर ठरवलं: महिन्याला एक हजार, त्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही, आणि दोनच ठिकाणी. एक ठिकाण ठरलेलंच होतं. माझी मावशी टाटा हॉस्पिटलमध्ये उपचाराला होती, तेव्हा तिची माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली होती. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून राहणारे रुग्ण आणि नातेवाईक मी त्या वेळी बघितले होते. म्हणून 400 रुपये अशा रुग्णांच्या राहण्याची सोय करणाऱ्या कामाला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पैसे जातात, पावती येते.

उरलेल्या 600 साठी मी पाच संस्थांची नावं काढली आणि पाचही जणांना पत्र लिहिलं: मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि जमाखर्च पाठवाल का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेल्या न्यासाने दर वर्षी हिशेब तपासून घेऊन तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा असतो. तेव्हा मी काही गुप्त कागद मागत नव्हते. दोघांकडून उत्तरच नाही. एकाने छापील माहितीपत्रक पाठवलं, सगळे रंगीत फोटो, आकडा एकही नाही. एका संस्थेच्या गृहस्थांनी फोन करून विचारलं, "तुम्ही देणार किती?" मी म्हटलं, महिन्याला सहाशे. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्यांचंही चुकलं असं मला आज वाटत नाही.

पाचवं उत्तर बीड जिल्ह्यातून आलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह. ऑडिट रिपोर्टची झेरॉक्स, पानं थोडी तिरकी, आणि सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: "ताई, पान नं. 6 वर पगाराचा आकडा मोठा दिसेल. दोन वॉर्डन, तीन स्वयंपाकाच्या मावश्या व एक रात्रीचे शिक्षक यांचा तो आहे. काही शंका असल्यास फोन करावा."

ह्या चिठ्ठीवर मी संस्था निवडली. लोकांना 'आस्थापना खर्च' हा शब्द शिवीसारखा वाटतो. "माझ्या पैशातला शंभर टक्के मुलांपर्यंत पोचला पाहिजे." अहो, साठ-पासष्ट मुलांच्या भाकऱ्या बडवणारी मावशी ही मुलांपर्यंत पोचलेला पैसाच आहे की! रात्री ताप आलेल्या पोराला मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेणारा वॉर्डन म्हणजे कुठला वायफळ खर्च? माझा बारा वर्षांचा अकाउंट्सचा अनुभव तेव्हा असं सांगत होता, आजचाही सांगतो, की ज्या ताळेबंदात पगार शून्य दिसतात त्याच्याकडे आधी संशयाने बघावं. पगार कुठेतरी असतातच. दाखवले नाहीत म्हणजे दुसऱ्या शीर्षाखाली लपवलेत, नाहीतर कुणाला तरी फुकट राबवलंय.

बँकेतून परस्पर पैसे वळते व्हावेत म्हणून फॉर्म भरला. पहिल्यांदा सही जुळत नाही म्हणून परत आला. दुसऱ्यांदा मंजूर झाला आणि मी महिन्याची दोन तारीख दिली होती. आमचा पगार होतो पाच तारखेला. एका महिन्यात दोन तारखेला खात्यात 480 रुपये होते. देणगी गेली नाही, आणि बँकेने हप्ता परत गेल्याबद्दल दंड आणि त्यावर जीएसटी कापून घेतला. त्यानंतर तारीख बदलून सात केली. ती आजतागायत सात आहे.

वसतिगृह बघायला मी गेले 2020 च्या जानेवारीत. शिवाजीनगरचा स्टँड नुकताच वाकडेवाडीला हलवलेला, तिथे पोचण्यातच निम्मी सकाळ गेली. मग नगर, कडा, आष्टी करत करत बीडकडे. रस्त्यात उलट्या दिशेने काही ट्रॅक्टर दिसले, ट्रॉल्यांमध्ये भांडी, कोंबड्या, चुलीची लाकडं. हंगाम अर्ध्यावर आला होता, हे बहुधा उशिरा निघालेले.

शाळा, मुलं, गरिबी एवढं मला माहीत होतं. तिथे बसल्यावर बाकीचं कळलं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, ती पावसाळ्यात घर चालवण्यात, लग्नात, दवाखान्यात संपते आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती फेडायला सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकात जायचं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, त्याचा दंड वेगळा. मुलांना सोबत नेलं तर शाळा सुटते. घरी ठेवायचं तर म्हातारं माणूस हवं. तेही नसलं तर हे वसतिगृह. म्हणजे ऑक्टोबर उजाडला की मुलं येऊ लागतात, एप्रिल-मेपर्यंत राहतात. खर्च सगळा ह्या सात महिन्यांत.

आता देणग्या बघा. कार्यालयातल्या मुलाने (तोही ह्याच वसतिगृहात वाढलेला, आता बी.कॉम.) मला मागच्या वर्षाचं पावतीपुस्तक उघडून दाखवलं. दिवाळीत पैशापेक्षा वस्तू. मग जानेवारीपर्यंत किरकोळ. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत वर्षाच्या निम्म्याहून जास्त रक्कम. मी विचारलं, मग ऑक्टोबर ते मार्च कसं भागवता? तो हसला. "किराणावाले काका आहेत ना, ताई." गावातल्या दुकानदाराकडे खातं. तेल, डाळ, गूळ, साबण सगळं उधार. मार्चमध्ये पैसे आले की काकांची उधारी फेडायची. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुण्या-मुंबईचे आम्ही एकतीस मार्चला दानधर्म करून मोकळे होतो आणि सहा महिने ती संस्था चालवतो तो एक किराणा दुकानदार, बिनव्याजी. त्याला कोणी एटी-जी देत नाही.

दिवाळीतल्या वस्तूंचं म्हणाल तर कोठीची खोली बघून आले. खडूच्या रंगपेट्या चाळीसेक खोकी. दप्तरं प्रत्येक मुलाला तीन येतील इतकी. मिठाईचे डबे दिवाळीत एका दिवशी अकरा ठिकाणांहून आले होते, मुलांची पोटं बिघडली. आणि ज्या दिवशी मी गेले त्या दिवशी गॅसचं एकच सिलिंडर शिल्लक होतं. जेवणाच्या खोलीत सहा पंखे, सहाच्या सहा कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ. पात्यांवर नावं. पंखे सगळे दानाचे, विजेचं बिल मात्र संस्थेचं. अमुक महिन्याच्या वीजबिलाला अमक्याच्या स्मरणार्थ असं कुणी म्हणत नाही. बिलावर नाव कुठे रंगवणार?

स्वयंपाकाच्या मावशी बाजरीची भाकरी थापत होत्या. मी नुसती बघत उभी. त्याच म्हणाल्या, "फरशी बसवून देतो म्हणणारे लई येतेत, ताई. पिठाचं कुणी इचारत न्हाई."

त्याच दुपारी आणखी एक पाहुणे आले, मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन. मुलांनी रांगेत बसून स्वागतगीत म्हटलं. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, असेल दहा-अकरा वर्षांची, गाताना माझ्याकडे बघत होती. तिला ते गाणं उलटंसुद्धा म्हणता आलं असतं. सकाळी माझ्यासाठी तेच म्हटलं होतं तिने. त्या आठवड्यातलं ते चौथं. मला ओशाळल्यासारखं झालं. केकवाल्या गृहस्थांना हसायचा अधिकार मला नव्हता, मीही तर बघायलाच आले होते. अण्णा वरोऱ्याला का गेले नाहीत ते तेव्हा थोडं समजलं. मी पुन्हा मुलांच्या वेळात तिथे गेले नाही. गेले ती मेमध्ये, मुलं घरी असताना.

निघताना ऑफिसातल्यांनी जमवून दिलेले तीन हजार रोख काढले, तर तो मुलगा म्हणाला, "ताई, पावती एका नावाने नको. रोखीत 2,000 च्या वर सवलत मिळत नाही." नियम मला पाठ होता, पण त्या क्षणी सुचला त्याला.

दोनच महिन्यांनी करोना आला. शाळा बंद, मुलांना घरी पाठवायचं तर आई-बाप परजिल्ह्यात, कारखान्यांच्या तळांवर अडकलेले. एप्रिलमध्ये सरकारने त्यांना गावी परतायची परवानगी दिली तोपर्यंत काही मुलं वसतिगृहातच होती. आणि नेमका त्या वर्षीचा मार्च कोरडा गेला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचा तो करोनाच्या निधीकडे वळला. आमच्याही कारखान्यात पगारकपात झाली, तीस टक्के. मी सहाशेचे तीनशे केले. बंदच करावं असं वाटत होतं. तीनशे पाठवायची लाज वाटत होती, खरं सांगायचं तर. शेवटी फोन करून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "चालतंय ताई. फक्त कमी होणार हे आधी सांगितलंत, ते बरं केलंत. बाकीचे फोनच उचलत नाहीत." सहा महिन्यांनी पुन्हा सहाशे केले.

आता पैसा फंडाच्या वह्यांकडे येते.

2021-22 या आर्थिक वर्षापासून नियम बदलला. नुसत्या पावतीवर सवलत मिळेना. संस्थेने सगळ्या देणगीदारांची यादी 10-बीडी या फॉर्ममध्ये आयकर खात्याला 31 मेपर्यंत भरायची आणि मग प्रत्येकाला 10-बीई प्रमाणपत्र द्यायचं. पहिल्याच वर्षी माझं प्रमाणपत्र आलं नाही. चौकशी केली तर माझ्या पॅनमध्ये एक अक्षर चुकलेलं, ओऐवजी शून्य. त्या मुलाचा आवाज रडकुंडीला आला होता. चारशे बारा देणगीदार, त्यातल्या एकशे तीसेक जणांचा पॅनच नाही, आणि यादी उशिरा भरली तर दिवसाला 200 रुपये दंड. मी म्हटलं, थांब, फाईल पाठव.

तेव्हापासून दर मे महिन्यात माझे दोन शनिवार-रविवार त्या एक्सेलमध्ये जातात. हे काम करताना लहान देणगी किती महाग असते ते मला दिसलं. पन्नास हजार देणाऱ्याची यादीत एक ओळ आणि एक्कावन्न देणाऱ्याचीही एकच ओळ. दोघांचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक लागतो. पॅन नसेल तर आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड असं काहीतरी. दोघांना पावती, दोघांना प्रमाणपत्र. एक्कावन्न रुपयांच्या पावतीमागे फोन, पोस्टेज, त्या मुलाचा अर्धा तास. मी त्याला सरळ म्हटलं, शंभरच्या खालच्या देणग्या घेऊच नका, परवडत नाहीत. अकाउंट्सच्या बाईने द्यायचा तोच सल्ला.

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, ह्या एक्कावन्नवाल्यांतले निम्मे आपल्याच माजी पोरांचे आई-बाप आहेत. हंगामावरून आले की देऊन जातात. त्यांना नको कसं म्हणू?"

मी सल्ला मागे घेतला. ओळी भरते.

पण स्वतःपुरते दोन-तीन बदल केले. छापील पावती नको, ईमेलवर चालेल, असं कळवलं. दिवाळीचं भेटकार्ड आणि कॅलेंडर बंद करायला सांगितलं. माझी देणगी छोटी, तर माझा मानपानही छोटाच पाहिजे. शंभर रुपयांचं कॅलेंडर घेऊन मी सहाशे देते, तर खरे पाचशेच दिले की. आणि ऑफिसमधल्या दोघी-तिघींना पटवलं, की मार्चमध्ये एकदम सहा हजार देण्यापेक्षा ऑक्टोबर ते मार्च दरमहा हजार द्या. सवलत तेवढीच मिळते, वर्ष एकच. फरक फक्त किराणावाल्या काकांना पडतो.

2024 मध्ये आमचं गृहकर्ज फिटलं. हिशेब केला तर नवी करप्रणाली मला फायद्याची निघाली. त्यात एटी-जीची सवलत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मग आता कशाला देताय?" चेष्टेत म्हणाला, पण मी खरंच आकडा काढला. वर्षाचे बारा हजार, पन्नास टक्के म्हणजे सहा हजार वजावट, माझ्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वाचणारा कर 1,248 रुपये. महिन्याला 104. इतकी वर्षं मी ह्या एकशे चार रुपयांसाठी पावत्यांच्या मागे धावत होते का? प्रामाणिक उत्तर असं, की पहिल्या महिन्यात मला ते एकशे चार टोचले. सहाशेचे पाचशे करावेत का, असंही मनात येऊन गेलं. केले नाहीत, कारण बँकेत जाऊन फॉर्म बदलायचा कंटाळा आला. आळसाचे असेही उपयोग असतात.

अण्णा आता एकोणऐंशीचे आहेत. मागच्या ऑक्टोबरात त्यांना मी हा सगळा किराणावाल्याचा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी कपाटातून शंभराची नोट काढून दिली. "माझ्या नावाने पाठव." मी त्यांच्यासमोरच फोनवरून पाठवले. हिरवी बरोबरची खूण आली, टिंग वाजलं.

"पोच?" अण्णा म्हणाले.

"हीच पोच."

"ही तुझ्या फोनची. घेणाऱ्याची सही कुठाय?"

पोस्टाची जुनी मनीऑर्डर 2015 मध्येच बंद झाली, हे त्यांना मी तीन वेळा सांगितलंय. त्यांना ते मान्य नाही. शेवटी मीच, छापील पावती नको म्हणून सगळ्यांना सांगत सुटलेली, त्या मुलाला फोन करून म्हटलं, माझ्या वडिलांना तेवढी एक कागदावरची पोच हवी आहे. काही दिवसांनी पोस्टकार्ड आलं. निळ्या शाईत दोन ओळी: "आपले रु. 100 मिळाले. तेलाच्या डब्यात घातले." खाली सही.

अण्णांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी बघितलं. मग विचारलं, "पोस्टकार्ड केवढ्याला मिळतं आता?"

"पन्नास पैसे."

"शंभराला पन्नास पैसे," ते म्हणाले. "म्हणजे अर्धा टक्का. मनीऑर्डरला पाच टक्के पडत होते." आणि तार कुठे ठेवलीय ते आईला विचारायला आत गेले.